गिळलेले पाच शब्द

धुकं इतकं दाट होतं की एका गोलपोस्टपाशी उभं राहिलं तर समोरचा गोलपोस्ट कुणी उपटून नेला की काय असं वाटावं. गवत दहिवरानं गच्च भिजलेलं. अडसर चुन्याची गाडी ढकलत मैदानावर आला आणि नेहमीसारखा कोपऱ्यातल्या झेंड्याच्या खड्ड्यापाशी थांबला. ओल्या दिवशी चुना जरा दाट कालवावा लागतो. पातळ झाला तर रेघ गवतात फुटते आणि दुपारपर्यंत तिचा ओघळ होतो. त्यानं बादलीत काठी फिरवली, काठीवरून चुना कसा गळतो ते पाहिलं, आणखी दोन मुठी टाकल्या. बोटांच्या भेगांत चुना झोंबला तशी एक शिवी हासडली, खुंटी ठोकली, दोरी ताणली, आणि डाव्या खिशात हात घालून खिळे चाचपले.

खिळे सतरा. मैदानावरच्या सरळ रेघाही सतरा. लांबीच्या दोन, रुंदीच्या दोन, मधली एक, आणि दोन्ही गोलांपुढच्या लहानमोठ्या चौकटींच्या मिळून बारा. एक रेघ ओढून झाली की एक खिळा डाव्या खिशातून उजव्या खिशात. ही युक्ती बायकोची. तीन महिन्यांपूर्वी त्यानं एका पेनल्टी बॉक्सला दोन-दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, पावलाच्या अंतरानं, दोन्ही सरळ, दोन्ही पांढऱ्याशुभ्र. पहिली मारली हे तो विसरला होता. पाहुण्या टीमचा गोलकीपर कमरेवर हात ठेवून हसला होता, "काका, कुठल्या रेघेच्या आत पाडला की पेनल्टी? का दोन्हींच्या आत पाडला की दोन?" सगळे हसले. अडसरही हसला. मैदानाचा मुकादम तेवढा हसला नाही. तो संध्याकाळी घरी आला, चहा घेतला, आणि उठताना बायकोला म्हणाला, "वहिनी, यांना एकदा दाखवून घ्या."

आज दवाखान्याची दुसरी खेप होती. दहाची बस. त्याआधी सतरा खिळे इकडचे तिकडे व्हायला हवे होते.

अडसर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण गेली तीस-पस्तीस वर्षं खऱ्या नावानं त्याला फक्त कागदांनीच हाक मारली. दाराला आतून आडवं लाकूड लावतात, तसा हा गोलापुढे आडवा. बाप बस डेपोत मेकॅनिक. पोरगा चौदाव्या वर्षीच बापाच्या डोक्यावरून पाहायला लागला, पण पळण्यात यथातथाच. शाळेच्या मास्तरांनी त्याला एकदाच नीट न्याहाळला आणि म्हणाले, "पळता येत नाही ना तुला? मग उभा राहा. समोरून येईल ते अडव." त्याचं सगळं शिक्षण एवढंच. एकोणिसाव्या वर्षी एका क्लबानं त्याला पगारावर घेतलं आणि पुढची बारा वर्षं, तीन क्लबांत मिळून, तो समोरून येईल ते अडवत राहिला.

तो आडदांड होता, पण आडमुठा नव्हता. समोरच्या टीमचे अकराच्या अकरा गडी त्याला पाठ असत. कोण डाव्या पायाचा, कोण वळताना मान आधी फिरवतो, कुणाचा गुडघा मागच्या महिन्यात दुखावलाय. जेवताना तो हे बायकोला सांगायचा. ती म्हणायची, "अहो, मी काय उद्या त्यांना अडवायला जाणार आहे? भाजी वाढू का?" मैदानावर मागच्या फळीतल्या चौघांना एका रेषेत पुढे सरकवायचं कामही त्याचंच. तो "वर!" असं ओरडला की चौघं एका दमात पुढे, आणि समोरचा गडी ऑफसाइडमध्ये उघडा पडलेला. त्याचा तो आवाज शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही ऐकू जायचा.

नाक दोनदा मोडलं, गळपट्टीचं हाड एकदा, दात चार गेले. बारा वर्षांत गोल केला एकच, तोही कॉर्नरच्या गर्दीत गुडघ्याला लागून, आणि पेपरात नाव छापून आलं दुसऱ्याचंच. त्याच्या आईनं ते कात्रण तरीही जपून ठेवलं, दुसऱ्याच्या नावासकट. ती पाहुण्यांना दाखवायची, "हा गोल आमच्याचा आहे. नाव चुकलंय, गोल बरोबर आहे."

आणि डोकं. सरावाच्या दिवशी साठ चेंडू डोक्यानं मारायचे, हा कोचचा नियम होता. कोच मैदानाच्या कडेला स्टुलावर बसून मोजायचा आणि अठ्ठावन्नला थांबलं तर पुन्हा एकपासून सुरू करायचा. पावसात चेंडू पाणी प्यायचा, दगडासारखा व्हायचा. संध्याकाळी घरी आल्यावर अडसरला दिव्याभोवती कडी दिसायची. बायको म्हणायची, डोळे तपासून घ्या. त्यानं तपासून घेतले. डोळे उत्तम होते.

तो चोवीस वर्षांचा असताना क्लबात नवा नियम आला. हंगाम सुरू व्हायच्या आधी टीमच्या डॉक्टरांनी प्रत्येकाची डोक्याची परीक्षा घ्यायची. डॉक्टर दहा शब्द वाचणार, गडी ते परत सांगणार, मग एका पायावर उभा राहणार, आणि जे मार्क पडतील ते कागदावर लिहून ठेवायचे. हा त्याचा पाया. पुढे मॅचमध्ये डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. मार्क पायापेक्षा खाली आले तर गडी तीन आठवडे घरी. कागदावर नियम अगदी शहाणपणाचा होता. पण तीन आठवडे घरी म्हणजे तेवढ्यात दुसरा कुणी तुमच्या जागी उभा राहतो, आणि बरा खेळला तर तिथंच राहतो. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते त्यांच्या परीक्षेत येत नव्हतं.

पहिल्याच परीक्षेला अडसर बाकावर रांगेत बसला आणि दारातून डॉक्टरांचा आवाज ऐकत राहिला. चमचा, आरसा, घोडा, चप्पल, लिंबू, पूल, दोरी, कंदील, ढग, खिडकी. आतला गडी गेला, पुढचा आला, पुन्हा चमचा, आरसा, घोडा. डॉक्टरांची यादी एकच. आपली पाळी येईपर्यंत अडसरला ती तोंडपाठ झाली होती आणि त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजलं होतं. पायाच बुटका ठेवला, तर खाली येणार कुठून?

आत जाऊन त्यानं पाचच सांगितले. एक सोडून एक. चमचा, घोडा, लिंबू, दोरी, ढग. मग डोकं खाजवलं. एका पायावर उभा राहिला तोही मुद्दाम डगमगत. डॉक्टर हसून म्हणाले, "हेडर मारून मारून आधीच गेलंय वाटतं!" आणि पाच लिहिले.

त्यानंतर पाच महिन्यांनी एका कोपरानं त्याची कानशिलं वाजली. कपडे बदलायची खोली गरगर फिरत होती, पण डॉक्टर समोर बसताच शब्द आपसूक बाहेर आले. चमचा, घोडा, लिंबू, दोरी, ढग. पाच होते, पाच आले. शनिवारी तो खेळला.

हळूहळू मागची सगळी फळी हे शिकली. शिकवणारा अडसरच. तोवर तो कप्तान झाला होता. "एक सोडून एक," तो सांगायचा. "मधला तोंडात आला तरी गिळायचा. आणि रोज म्हणायचे, म्हणजे डोक्यात अंधार असला तरी जीभ बोलेल." डॉक्टरांची यादी दर वर्षी तीच, आणि चार गडी दर वर्षी तेच पाच शब्द विसरत होते. डॉक्टरांनी चार कागद शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नाहीत. कुणीच पाहिले नाहीत. ड्रेसिंग रूममध्ये हा मोठा विनोद झाला होता. कुणाला पास द्यायला उशीर झाला की मागून ओरड यायची, "अरे, कंदील गिळलास का?"

डावा बॅक होता भिंगरी. काटकुळा, पायात चाकं असल्यासारखा, अडसरपेक्षा आठ वर्षांनी लहान. आईबाप नव्हते, मोठ्या बहिणीनं वाढवलेला. अडसरनं "वर!" म्हणायच्या आधीच तो वर गेलेला असायचा आणि मग शिव्या खायचा. "कप्तान, तुमच्या पोटात 'व' आला की मला कळतं," असं म्हणायचा.

हंगाम संपायला दोन मॅच राहिल्या होत्या आणि दोन्ही जिंकल्या नाहीत तर क्लब खालच्या वर्गात जाणार होता. पहिलीत कॉर्नरला भिंगरी उडाला आणि समोरच्याच्या डोक्यावर त्याचं डोकं आपटलं. तो पडला, उठला, हसला, मॅच पूर्ण केली. येताना बसमध्ये अडसरच्या शेजारी बसून दोनदा ओकला, पिशवीत, कुणाला न कळेल असा. सहाव्या दिवशी सकाळी परीक्षा होती. भिंगरी बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडत होता. त्याला गाठ जमत नव्हती. अडसरनं खाली वाकून ती बांधली आणि म्हणाला, "पाच सांग आणि चल. दुसरा डावा बॅक नाही आपल्याकडे."

भिंगरीनं पाच सांगितले आणि मैदानावर आला. दुसऱ्या हाफमध्ये एक साधा, उंचावरून आलेला चेंडू त्यानं डोक्यानं परतवला. मारही नव्हता तो. चार पावलं चालला आणि कडेच्या रेघेवर गुडघ्यांत वाकून आडवा झाला. डाव्या हाताला चुना लागलेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्यानं प्राण सोडला. तेवीस वर्षांचा होता.

बहिणीनं क्लबात विचारलं तेव्हा तिला कागद दाखवला. सहा दिवसांनी परीक्षा घेतली होती, पास झाला होता. पाचाला पाच. तिनं मग अडसरला विचारलं, दवाखान्याच्या जिन्यात, "दादा, खेळायच्या आधी बरा होता ना तो?"

"बरा होता," अडसर म्हणाला.

त्या हंगामानंतर तो खेळला नाही. लोक म्हणाले, पोरासारखा होता त्याला, जिव्हारी लागलं. त्यानं क्लबाकडे मैदानाचं काम मागितलं, त्यांनी दिलं. बायको दवाखान्याच्या लाँड्रीत होती. त्यानं तिच्या मागे लकडा लावून भिंगरीच्या बहिणीला तिथं चिकटवलं. तेव्हापासून बावीस वर्षं, बायको आणि ही ताई दोघी मिळून चादरी घडी घालत आल्या. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, ताणायचं, झटकायचं, एकमेकींकडे चालत यायचं. दिवसाला तीनशे चादरी. एवढ्या वेळा समोरासमोर चालत आलेल्या दोन बायकांत काय लपून राहणार? दोघींना एकमेकींचं सगळं माहीत होतं. एक सोडून. आणि ते तर बायकोलाही माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी, पहिल्या खेपेला, बायको सोबत होती. डॉक्टरीणबाई तरुण, सर्दीनं नाक लाल झालेलं. तिनं नवीन दहा शब्द वाचले. अडसरला तीन आले. मग तिनं क्लबाकडून आलेलं सीलबंद पाकीट फोडलं आणि जुने कागद उलटले.

"चोविसाव्या वर्षी पाच. सत्ताविसाव्या वर्षी पाच. तिसाव्या वर्षीही पाच. आता तीन."

"म्हणजे?" बायको म्हणाली.

"म्हणजे घट दोनची. तेवढी या वयात कुणाचीही होते. खेळून डोक्याला इजा झालेल्या खेळाडूंची वेगळी यादी आहे, त्यांना औषधं लगेच सुरू होतात. पण त्यासाठी निदान चारची घट दिसावी लागते. काकांचं डोकं आधीपासूनच असं होतं, असं हे कागद म्हणतात."

"कागदांना काय कळतंय? ह्या माणसाला समोरच्या अकरा जणांचे गुडघे पाठ असायचे! जेवताना सांगायचे, मला नको असताना!"

"तसं इथं लिहिलेलं नाही ना, मावशी. साध्या यादीत नाव घालते. नंबर यायला दोन वर्षं तरी लागतील. आणि खरं सांगायचं तर ही औषधं आता सुरू झाली तरच उपयोग. आहे ते धरून ठेवतात. गेलेलं आणत नाहीत."

परतीच्या बसमध्ये बायकोनं तिकिटं पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाली, "दहातले पाच? तुम्हाला? खरं सांगा."

"मुद्दाम सांगायचो पाच."

"काय मुद्दाम?"

"सगळेच करायचे. खेळायला मिळावं म्हणून."

बायकोला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा उतरला. "बैलोबा आहात नुसते! अहो, मग हेच सांगायचं त्या मॅडमना. मिटलं."

"नाही सांगायचं."

"का?"

अडसर खिडकीबाहेर बघत राहिला. "आठवत नाही," तो म्हणाला. आजाराचा असा उपयोग त्यानं पहिल्यांदाच केला.

बायको कुणाचं ऐकून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिनं दुसऱ्याच दिवशी लाँड्रीतल्या कारकुनाकडून कागद मागून घेतला आणि डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं. माझे यजमान जुन्या परीक्षेत मुद्दाम कमी मार्क घेत असत, कृपया विचार व्हावा. दुसऱ्या खेपेची तारीख देऊन उत्तर आलं, त्यांना घेऊन या. पण त्या दिवशी बायकोची पाळी बदलून मिळेना. आणि अडसरला एकट्यानं बसनं पाठवणं आता शक्य नव्हतं. मागच्या आठवड्यात तो घरी येताना दोन स्टॉप पुढे गेला होता आणि एका पाणपोईपाशी चुन्याची बादली घेऊन उभा सापडला होता. ताई म्हणाली, "मी नेते दादांना. त्यात काय!"

सतरावा खिळा उजव्या खिशात पडला तेव्हा धुकं निवळलं होतं. ताई मैदानाच्या फाटकाशी उभी होती.

बसमध्ये तिनं त्याला खिडकीची जागा दिली आणि तिकिटं मुठीत धरून बसली. पन्नाशीची बाई, इस्त्रीच्या वाफेनं हात लालसर झालेले. "दादा, मी कोण, सांगा बरं?"

"माझ्या बायकोचे कान भरणारी."

"चला, शाबूत आहे अजून! मी उगीच सुट्टी घेतली."

तो हसला. हाताचा चुना विजारीला पुसला. तीन स्टॉप गेल्यावर म्हणाला, "ताई, तुम्ही आत नका येऊ. बाहेर बसा."

"का हो? लाजता? पन्नास चादरींचं काम बाजूला टाकून आलेय, बाहेर बसून माश्या मारू?"

डॉक्टरीणबाईंची सर्दी अजून गेली नव्हती. पत्र समोर होतं. "वाचलं मी," ती म्हणाली. "पण अडचण बघा, काका. तुमची आठवण शाबूत आहे का हेच तर तपासायचंय. आणि पुरावा म्हणून तुम्ही आठवणच देताय. धरू कशी?"

"अहो, खोटं कशाला सांगतील ते?" ताई मध्येच म्हणाली. "इतक्या वर्षांत खोटं बोललेलं नाही ऐकलं मी."

अडसरनं मान खाली घातली.

"खोटं म्हणत नाहीये मी. एक मार्ग आहे," डॉक्टरीणबाईंनी जुना कागद छातीशी उभा धरला, त्याला दिसणार नाही असा. "जुनं असतं ते शेवटी जातं. तेव्हा जे शब्द वाचले होते ते फक्त ह्या कागदावर आहेत, आणि पाकीट मीच फोडलं. तुम्ही पाच सांगितलेत. उरलेले पाच तेव्हा डोक्यात शिरलेच नसतील, तर आज येणारच नाहीत. पण आले, तर तुम्ही ते तेव्हा लपवले होते हे उघड आहे. मग तुमचा पाया पाचाचा नाही, दहाचा. मी आजच नाव घालते."

"ताईंना बाहेर बसू द्या," अडसर म्हणाला.

"मी इथंच आहे, घाबरता कशाला?" ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सांगा सावकाश."

खोलीत घड्याळ होतं, त्याचा काटा अडकत अडकत पुढे जात होता. अडसरला वाटलं, नाही म्हणावं. आठवत नाही म्हणावं, कोण पकडणार आहे? मग त्याला काल सकाळ आठवली. तो गॅस चालू करून काडी शोधायला बाहेरच्या खोलीत गेला होता आणि तिथं जाऊन बसून राहिला होता. बायको धावत आली, खिडक्या उघडल्या आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसली. आणखी दोन वर्षांनी काय असेल? आणखी दोन वर्षांनी ही ताई समोर बसली असेल आणि तिच्याकडे बघून आपल्याला भीती वाटत असेल, पण कशाची ते आठवणार नाही.

"चमचा," तो म्हणाला. "घोडा. लिंबू. दोरी. ढग."

"हे पाच आहेतच कागदावर. पुढे?"

पण ताईचा त्याच्या पाठीवरचा हात थांबला होता. "अगं बाई," ती म्हणाली. "हे तर आमचा म्हणायचा."

"कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझा भाऊ. रोज सकाळी, मोजे चढवताना. चमचा, घोडा, लिंबू, दोरी, ढग. मी विचारलं तर म्हणायचा, कप्तानानं अभ्यास दिलाय." ती हसली. बावीस वर्षांनी भावाची एखादी वस्तू ट्रंकेच्या तळाशी सापडावी तशी हसली. "मला वाटायचं, काहीतरी गंमत असेल पोरांची. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा म्हणत होता. तेव्हा दोरीपाशी अडखळला, मग पुन्हा पहिल्यापासून…"

ती थांबली. हातातली तिकिटं तिनं एकदा दुमडली, मग आणखी एकदा.

"दादा, पाचच का म्हणायचा तो?"

डॉक्टरीणबाईंनी कागद हळूच खाली ठेवला.

"पाचच सांगायचे असं मी ठरवून दिलं होतं," अडसर म्हणाला. "चौघांना. मार बसला तरी मार्क कमी होऊ नयेत म्हणून." आणि मग, कुणी विचारायची वाट न बघता, भिंतीकडे पाहत म्हणाला, "आरसा. चप्पल. पूल. कंदील. खिडकी."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर पाच खुणा केल्या. पेनचा आवाज ऐकू येत होता. "बरोबर," ती म्हणाली. "दहापैकी दहा."

"बरा होता म्हणालात तुम्ही," ताई म्हणाली. "जिन्यात."

"नव्हता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बसमध्ये दोनदा ओकला. नाडी बांधता येत नव्हती त्याला. मी बांधली."

"कोचला माहीत होतं?"

"नाही."

"मग कुणाला माहीत होतं?"

"मला. आणि त्याला."

डॉक्टरीणबाईंनी दोन कागद भरले, एकावर अडसरची सही घेतली, आणि सोबत आलेल्या नातेवाइकाची सही म्हणून दुसरा ताईपुढे सरकवला. ताईनं तो वाचला, पूर्ण वाचला, आणि सही केली.

परतताना रस्ता ओलांडायचा होता तेव्हा तिनं त्याचा दंड धरला, घट्ट, पोत्याचं तोंड धरावं तसा. बसमध्ये त्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पुढच्या सीटवर बसली, पाठ करून. तिच्या अंबाड्यातला आकडा एका बाजूनं निसटला होता. अडसर सगळी वाट त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा स्टॉप आला तेव्हा ती वळली नाही, फक्त म्हणाली, "उतरा." मग मागोमाग उतरली, घरापर्यंत आली, कुलूप काढून दिलं. "गॅस पेटवायचा नाही. ती येईपर्यंत बसून राहायचं." दादा म्हणाली नाही. ओट्यावर ठेवलेली किल्ली त्यानं उचलेपर्यंत जिन्यात तिची पावलं वाजत खाली गेली होती.

दोन दिवसांनी सकाळी बायको ओट्याशी पाठ करून चहा गाळत होती. पत्र टेबलावर होतं, दवाखान्याच्या शिक्क्याचं. नाव खेळाडूंच्या यादीत घातलं होतं.

"ताईनं काल दुसरी जोडीदारीण मागून घेतली," ती म्हणाली.

अडसरनं पत्र उलटं करून ठेवलं. दवाखान्यात काय झालं ते त्यानं तिला त्याच रात्री सांगितलं होतं.

"मुकादमीणबाईंनी विचारलं, भांडण झालं का? ती म्हणाली, नाही, हात दुखतात. अहो, चादरीला चारच टोकं असतात. ती पलीकडच्या टेबलावर कुणा नव्या पोरीबरोबर धरत होती आणि मला माझ्या टेबलावरून दिसत होतं, घडी वाकडी येतेय. तरी माझ्याकडे बघितलं नाही." तिनं कप त्याच्यापुढे ठेवला. "मला तरी सांगायचं होतं हो."

"मग पत्र लिहिलं नसतंस?"

"लिहिलंच असतं," ती म्हणाली. "पण तिच्याबरोबर पाठवलं नसतं तुम्हाला." पदरानं तिनं नाक पुसलं. "उद्यापासून गोळ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. मॅडम म्हणाल्या, आता आहे तेवढं टिकेल."

"काय काय टिकेल?"

"आहे ते सगळं."

त्यानं चहा संपवला, कप विसळला, बूट घातले. नाडी बांधायला त्याला वेळ लागला. बायको बघत होती, पण पुढे आली नाही.

मैदानावर धुकं नव्हतं. आभाळ खाली आलेलं, राखाडी, आणि वारा डावीकडून. त्यानं बादलीत पाणी ओतलं, चुना टाकला, काठी फिरवली, काठी उचलून चुना कसा गळतो ते पाहिलं. जरा पातळ होता. आणखी एक मूठ टाकली. मग पलीकडची, पायऱ्यांकडची लांब रेघ सुरू करायची म्हणून तिकडे चालत गेला. भिंगरी याच कडेला खेळायचा. खुंटी ठोकली, दोरी दुसऱ्या टोकापर्यंत नेली, गुडघा टेकून ताणली. दोरीला बोटानं टिचकी मारली, ती थरथरून सरळ झाली. परत येऊन त्यानं गाडीचं चाक दोरीला लावलं आणि डाव्या खिशात हात घालून खिळे मोजले.

सतरा होते. त्यानं गाडी ढकलली.